मागे सरकत

निइगाताला बर्फ विकत आणावा लागत नाही.
खिडकी उघडून मी घमेलं भरून घेते,
मोरियामा घड्याळ धरतो.
किरणोत्सारी थायमिडीन टाकल्यापासून दहा सेकंद.
तेवढ्या वेळात जिवाणू जितकं लिहितील
तितकंच हवंय आम्हाला.
दहा. ओत.
सगळं जागच्या जागी थिजतं,
कुठलंसं अक्षर अर्धं असतानाच.

पीळ उलगडतो तसतसा
एक धागा सरळ लिहिला जातो, न थांबता.
दुसऱ्याची दिशा उलटी,
आणि लिहिणाऱ्याला एकाच दिशेनं लिहिता येतं.
म्हणून तो थोडं लिहितो, सोडतो,
नव्यानं उघडलेल्या फाट्याशी परत येतो,
पुन्हा थोडं.
नुसते तुकडे. मागून कुणीतरी येतं, सांधे जुळवतं.

"इतका द्राविडी प्राणायाम कशाला?" मोरियामा वैतागला होता.
मला आई दिसली,
उओनुमाच्या खाचरात पोटरीभर चिखलात
मागे मागे सरकत भात लावणारी,
तोंड लावलेल्या रोपांकडे, पाठ मोकळ्या पाण्याकडे.
पुढे चाललं तर आपलंच पाऊल पडतं रोपावर.

रविवारी फोनवर तिनं विचारलं,
दिवसभर करतेस तरी काय?
एका पेशीच्या दोन होतात, ते बघते.
"मग त्यातली खरी कुठली, नक्कल कुठली?"
दोघींकडे एकेक धागा जुना, एकेक नवा.
ती जरा थांबली.
"म्हणजे जुनं कुणालाच अख्खं मिळत नाही."
तारेत खरखर. तिकडे तिनं किटली उतरवली असावी.

मग मी टोकाचं सांगितलं.
जिवाणूंचं कडं असतं, त्यांना टोक नाही.
आपल्याला आहे.
उलटं येणारा तिथं पोचतो
आणि त्याला उभं राहायला पुढे जागाच नसते,
दर खेपेला शेवटची काही अक्षरं राहून जातात.

आई हसली, खोकली, पुन्हा हसली.
"बांधाशी आलं की तसंच होतं गं.
आपण उभ्या असतो तेवढी जागा राहते.
मग बांधावर चढायचं, वाकायचं,
हात पुरेल तितकं लावायचं."
आणि नाही पुरला तर?
"तिथं बेडूक राहतात."

सोमवारी बर्फ ताजा होता, भुसभुशीत.
मोरियामा ओरडला, मित्सुए, अकरा! अकरा झाले!
घमेल्यावर माझे हात तसेच.
सगळं ओतून दिलं, पुन्हा भरायला खिडकी उघडली.