चौदा पावलं

चिलुंब्याच्या धक्क्याखाली, पिठाच्या गिरणीमागे
आमची खोली आहे, दहा बाय दहा.
आधी तिथं जाळी ठेवायचे.
भिंतीला अजून उसिपाचा वास येतो.
उसिपा म्हणजे बोटाएवढी मासळी,
वाळली की चांदी, भिजली की नकोशी.

पैसे देणारे शहरातून आले तेव्हा म्हणाले,
टी-शर्ट छापू, पाठीवर घोषवाक्य.
आम्ही सतराजणी गप्प.
मग न्यामहांगो म्हणाली, कुलूप द्या.
आतून लागणारी कडी द्या.
रात्री फोन लावायला पैसे,
आणि एक सायकल, मागे गादी बांधता येईल अशी.
तो पोरगा लिहीत गेला. भला होता पोरगा.
टी-शर्ट तरीही आले.
पातेल्यांची काजळी त्यांनी छान निघते.

वही माझ्याकडे, कारण सातवीपर्यंत मीच गेलेली.
तारीख लिहिते. नाव लिहीत नाही,
नावाच्या जागी झाड लिहिते.
आंबा आली. फणस आली.
गोरखचिंच दोनदा आली,
दुसऱ्यांदा कडेवर लेकरू.
आणि किल्ली न्यामहांगोकडे,
कमरेच्या चितेंजेला गाठ, गाठीत किल्ली,
झोपतानासुद्धा.

मग जून. तलावावर म्वेरा सुटलेला,
माणूस उभा राहू नये असा वारा.
होड्या वाळूवर ओढलेल्या,
पुरुष घरी, दारूही घरी.
मध्यरात्री माझं दार वाजलं.
माझं का? किल्ली तर माझ्याकडे नसते.
तेम्वा उभी होती, एक पाय अनवाणी.
म्हणाली, किल्ली तुमच्याकडे का नाही?

न्यामहांगोच्या घरापासून तिच्या लेकाचं घर
चौदा पावलांवर.
चार वर्षं.
आणि गावभर दुसऱ्यांसाठी धावणारी ती,
तिला ऐकू येत नव्हतं असं मी म्हणणार नाही.
मलाही येत होतं. गिरणी बंद असली की.

कंदील घेऊन गेले. ती जागीच होती.
म्हटलं, एक झाड आलंय.
कुठलं?
म्हटलं, तुझ्या अंगणातलं.

गाठ सोडायला तिला किती वेळ लागला
ते वहीत नाही.
पण सोडली. आणि स्वतः आली,
आणि तेम्वाच्या तोंडाकडे न बघता
दाराबाहेर पाठ टेकून बसली, उजाडेपर्यंत,
त्या वाऱ्यात.

सकाळी वाकिसा आला.
आई, ऊठ. माझी बायको आहे ती.
तिच्या बापाला तीन गायी दिल्यात.
ती म्हणाली, मीच हाकत नेल्या होत्या त्या.
गायी दिल्या. हाडं नव्हती विकत घेतली.
तो हसला. मग हसायचा थांबला.
ती उठली नाही, एवढंच झालं.
रडली पुढच्या आठवड्यात, मासळी वाळत घालताना,
आणि आमच्यातल्या दोघी म्हणाल्या,
लेकाविरुद्ध जाते ती कसली आई.
त्या दोघी अजून आमच्यातच आहेत.

जाळं ओढायला सहाजण लागतात.
म्वेरा पडला तरी म्वाफुलिर्वांची होडी
पाचांवरच गेली, अकरा रात्री.
मासळी कमी आली.
वाकिसाला कुणी काही बोललं नाही,
फक्त त्याच्यासाठी थांबलं नाही.
आता गुरुवारी पुरुषांच्या बैठकीला येतो,
मागे बसतो, काठीनं माती उकरतो.
सुधारला का? मला माहीत नाही.
फॉर्मात तो रकाना आहे. मी कोरा ठेवलाय.
पोराचा फोन आला, म्हणाला, काहीतरी भरा.
म्हटलं, दोन वर्षांनी विचार.
तोवर पैसे बंद करू नकोस.

न्यामहांगोनं आपणहून सांगितलं,
दुसरी किल्ली करा.
म्झुझूला जावं लागलं.
बसचं भाडं, किल्लीवाला, एक केळ्यांचा घड:
हिशेबात ‘इतर’ खाली.
ती कुणाकडे असते ते लिहिलेलं नाही.