पुढं बत्तीस, मागं चाळीस

माप अप्पालालनंच दिलं होतं.
एप्रिलात, मार्केटजवळच्या त्याच्या टपरीत,
गुडघ्यावर रिम धरून, टेप लावून,
कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहिलं त्यानं:
सव्वीस, एक तीन अष्टमांश.
खाली, तारा: पुढं बत्तीस, मागं चाळीस.
"दोन्ही चाकं बावीसशे पन्नास," म्हणाला,
"लुधियान्याचा माल. कोल्हापूरनं मागवतो. शनवारी या."

शनिवारी मी गेले नाही.
रात्री, पोरगी झोपल्यावर,
त्याच्याच चिठ्ठीवरून माप मोबाईलमध्ये टाकलं
आणि एकोणीसशे चाळीसला मिळाली.
तीनशे दहा वाचले.
तीनशे दहात काय काय बसतं ते मला विचारा.
मी मिरजेच्या नळांचे मीटर वाचते,
ब्राह्मणपुरीतून दर्ग्यामागं, तिथून स्टेशनपर्यंत, सायकलवर,
आणि दर चार घरांआड कुणीतरी दारात म्हणतं,
"बाई, जरा बघून लिहा की."
मी म्हणते, बघूनच लिहिते.

चाकं आली पुठ्ठ्यात गुंडाळून.
छत्तीस आणि छत्तीस.
हातानं फिरवलं तर चाक
दारू पिऊन देवळात आलेल्या माणसागत
सरळ चालायचा प्रयत्न करत होतं.

आता हे घेऊन जायचं कुठं?
दुसरा मेकॅनिक आहे, शास्त्री चौकाच्या पुढं.
दोन दिवस त्याच्याच बाजूनं जात राहिले,
चाकं घरी, पलंगाखाली.
तिसऱ्या दिवशी अप्पालालसमोर उभी राहिले.

त्यानं चाकांकडं बघितलं. माझ्याकडं नाही.
एक चाक चिमट्यात बसवलं
आणि तारा एकेक करून बोटानं दाबत गेला.
मिरज ही; शेजारच्या गल्लीत भोपळ्यांना तारा चढतात.
मला वाटलं, कान लावून हाही काहीतरी सुंदर बोलेल.
"ढिल्लं हाय सगळं," म्हणाला.

मग तासभर पाना.
पाव फेरा इकडं, अर्धा तिकडं.
मधेच एक म्हातारा पंक्चरला आला,
त्याला अप्पालाल सांगू लागला, माझ्याकडं पाठ करून:
"माप आमच्याकडनं न्यायचं,
चाक खोक्यातनं आणायचं,
आन् वाकडं निघालं की पुन्हा आमीच."
म्हातारा हसला. मीही हसले,
कारण दुकानात तिसरं कुणी नव्हतं
ज्याच्याबद्दल ते असू शकलं असतं.

चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती.

"दोनशे चाळीस."
मी काही बोलले नाही.
"आमच्याकडची असती तर आऊट फुकट काढला असता.
भायरच्या चाकाला मजुरी पूर्ण. बरोबर हाय का?"
बरोबर होतं.
इतकं बरोबर माझ्याशी बरेच दिवसांत
कुणी बोललं नव्हतं.
"जुन्या रिमा न्यायच्यात?"
"ठेवा."
"मग भंगाराचे साठ वजा. एकशे ऐंशी द्या."

मी मनात खातं मांडलं.
तीनशे दहातून एकशे ऐंशी.
एकशे तीस अजून अंगावर.
"ब्रेकचे रबर द्या," म्हटलं. चाळीस.
"आणि घंटी." साठ.
"घंटी वाजतीय की तुमची."
"दुसरी द्या."
तेव्हा कुठं त्यानं मान वर केली,
घंटी शर्टाला पुसली,
हँडलच्या डाव्या अंगाला आवळून दिली.
आवळायचे पैसे घेतले नाहीत.
मी तेही मोजणार होते, मग सोडून दिलं.

घरी जाताना चाक कुठंच घासलं नाही.
पुलाखाली दोन्ही घंट्या एकदम वाजवल्या,
आडवं कुणी नसताना.

तीस उरलेत.
परवा त्याच्या टपरीमागचा नळ माझ्या वहीत येतो.
आकडा असेल तो लिहीन.
तीस रुपये वेगळ्या कप्प्यात आहेत,
कॅलेंडरच्या त्या पानात गुंडाळून.