गुरुवारी नायट्रोजन भरताना

वीत्स्के आज निवृत्त झाली.
केक होता, भाषण होतं,
भाषणात तिच्या शोधनिबंधांचा आकडा दोनदा चुकला.
ती मागच्या दाराने सायकलकडे गेली
आणि मी, तिचा एकतीस वर्षांचा तंत्रज्ञ,
तळघरात उतरलो.
टाकी गुरुवारी भरायची असते.

ती फ्रीसलँडची, गाईगुरांच्या घरातली.
सांगायची, आमच्याकडे जुळी वासरं झाली,
एक गोऱ्हा, एक कालवड.
बापाने कालवडीकडे बघून मान हलवली:
ही गाभण राहायची नाही.
गुरांच्या डॉक्टरने नऊ वर्षांच्या पोरीला समजावलं,
पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलंय,
भावाचं आता हिच्यात वाहणार, जन्मभर.
बापाला खाटकाचा भाव काढायचा होता.
पोरगी गोठ्यातून हलेना:
दुसऱ्याचं रक्त, मग अंग त्याला
हाकलून का देत नाही?

प्रश्न तोच राहिला. गोठा तेवढा बदलला.

एल्के. वय अकरा. रक्ताचा कर्करोग.
त्याच्या बहिणीच्या, हिस्केच्या, कमरेच्या हाडातून
अस्थिमज्जा काढली. एक पिशवी,
टोमॅटोच्या सारासारखी.
पाऊण तासात शिरेतून उतरली.
मला वाटलेलं काहीतरी होईल. एल्के कॉमिक वाचत होता.

त्या पेशींना कुणी वाट दाखवत नाही.
पत्ता न विचारता हाडाच्या पोकळीत जाऊन बसतात.
बाराव्या सकाळी मी मोजल्या: शंभर.
मग दोनशे. मग पाचशे.
वीत्स्केने मिठीबिठी मारली नाही,
डब्यातलं अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं.

तिसऱ्या आठवड्यात तळहात लाल झाले.
मग तळपाय. मग कातडी सुटायला लागली.
ओसरी दिली, पाहुण्याने पाय पसरले,
आता घरच्यांनाच बाहेर काढत होता.
हिस्के दारातून विचारायची,
माझं रक्त त्याला चावतंय का?
नर्स दुसरीकडे बघायच्या.
वीत्स्के तिच्यासमोर उकिडवी बसली:
"हो. रक्त चावतंय. तू नाहीस."
एल्के नाताळच्या आधी गेला.

मग मेंढ्या.
यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण भांडखोर पेशी
निवडून काढायला आम्ही मेंढीचं रक्त वापरायचो.
त्या पेशी मेंढीच्या लाल पेशी अंगाभोवती ओढून घेतात,
फूल होतं, जड होतं, तळाशी बसतं.
वर उरतात त्या गरीब, निमूट.
मेंढ्या वीत्स्केच्या आतेभावाच्या.
दर सोमवारी मी समुद्राच्या बांधावर, रबरी बूट घालून,
हातात सुई, आणि मेंढ्या मला ओळखून पळायच्या.

तळहात पांढरेच राहिले. आम्ही खूश.
दोन वर्षांत कर्करोग परतायला लागला,
एकाचा, दुसऱ्याचा, मग फोनची भीती वाटायला लागली.
कारण ते भांडणच औषध होतं.
पाहुणा ज्या रागाने भांडी फोडत होता
त्याच रागाने माळ्यावर दडलेला चोरही शोधत होता,
आणि आम्ही त्याचा राग काढून घेतला होता.

परिषदेत हे तिने स्वतःच सांगितलं,
स्वतःच्याच आलेखावर काठी टेकवून.
सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं मापाचं काम.
राग किती, केव्हा, किती दिवसांनी पुन्हा.
चव घेत घेत मीठ घालावं तसं.
काही वाचले.
ट्रेइन्त्ये नावाची बाई दरवर्षी कार्ड पाठवते:
अंगात एका पोलिश ट्रकचालकाचं रक्त, गटसुद्धा बदलला,
आणि आताशा बीट आवडतं म्हणे.
वीत्स्के त्याखाली पेन्सिलीने लिहायची, पुरावा नाही.
कार्ड मात्र भिंतीवर लावायची.

टाकी उघडली. गार वाफ बुटांवर आली.
तिसऱ्या मांडणीत, अगदी खाली, एक नळी आहे.
हिस्केच्या पेशी, एल्केला देऊन उरलेल्या.
नियमाने केव्हाच टाकायला हवी होती.
दर काही वर्षांनी शाई पुसट होते,
मग वीत्स्के नवी चिठ्ठी लिहायची, हातमोजा काढून,
गारठ्याने बोटं पोळून घेत.

यंदा पुन्हा पुसट झालंय.
वर खुर्च्या उचलल्याचा आवाज येतोय.
माझं अक्षर तिला कधी आवडलं नाही,
घाईचं, म्हणायची, कोंबडीचे पाय.
हातमोजा काढला.
सावकाश लिहितोय.