अकराचा उजेड

मी रक्तपेढीत रात्रपाळी करते,
म्हणजे माझी रात्र सकाळी साडेआठला सुरू होते,
कपभर कोमट दूध पिऊन.

कन्नमवार नगरातली आमची चौमजली बिल्डिंग पाडून
टॉवर उभा राहिला, तेव्हा बिल्डरने
खिडक्यांना रोलर शटर दिली. रिमोटवाली.
जुन्या खिडकीला नुसता एक आकडा होता.
तो बिघडायचा नाही. फार तर गंजायचा.
तरी मला शटर आवडलं.
बटण दाबलं की पट्टीवर पट्टी बसत
बावीस सेकंदांत
खाडी, हायवे, शेजारच्या प्लॉटवरची क्रेन
सगळं मिटायचं.

मार्चमध्ये ते आपोआप उघडू लागलं.
रोज. अकराला.
पापणीवर उजेड आदळायचा. मी उठायचे,
खाली करायचे. ते वर.
खाली. पुन्हा वर.
चौथ्या खेपेला मोटर तापून गप्प व्हायची,
अर्धी खिडकी तशीच टाकून.

रिमोटचे सेल बदलले.
मेन स्विच बंद करून शंभर आकडे मोजले.
बाजूच्या खाचांत मेणबत्ती घासली, ही आईची युक्ती,
लाकडी कप्प्यांसाठीची.
माहितीपुस्तिका काढली. तीत छापलं होतं :
मोटर उष्ण झाल्यास तिला वीस मिनिटे विश्रांती द्यावी.
माझ्यासोबत अशी पुस्तिका कुणी दिली नव्हती.

हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, टायमर लागलाय का मॅडम?
नवरा म्हणाला, डोळ्यांवर ओढणी बांध.
सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत,
पण दुसऱ्या दिवशी शटरच्या पेटीखाली
लिंबू-मिरची लटकत होती.

शेवटी साकीनाक्याहून सुफियान आला.
स्टुलावर चढून, टॉर्च दातांत धरून
पेटीत बराच वेळ बघत राहिला.
"ताई, मशीन एकदम ठीक आहे.
हिला दुसरं कुणीतरी बोलावतंय.
वर कोण राहतं?"

वर मिठबावकर राहतात. घड्याळं दुरुस्त करतात.
स्टेशनच्या जिन्याखाली काचेची पेटी मांडून
अडतीस वर्षं बसले, आता घरीच,
खिडकीला टेबल लावून.
भांडायची वाक्यं मी जिना चढताना तयार केली होती.
दार उघडलं तर भर दिवसा
आत ट्यूबलाइट चालू,
त्यांच्या एका डोळ्यात भिंग तसंच अडकलेलं.

"महिना झाला, उघडतच नाही," ते म्हणाले.
"पेज पिऊन अकराला कामाला बसतो,
आधी हे दाबून बघतो. चार-पाच वेळा दाबतो.
सेल तीनदा बदलले.
काल खोलून पण बघितला रिमोट."
मग आवाज उतरवून,
"आत एकही चाक नाही हो."

माझी वाक्यं जिन्यातच राहिली.

सर्व्हिसिंगला आलेल्या कुठल्याशा पोराने
त्यांच्या रिमोटला माझ्या मोटरची ओळख करून दिली होती,
आणि त्यांच्या मोटरला कुणाचीच नाही.
सुफियानने छोटं बटण पाच सेकंद दाबून धरलं.
वरचं शटर इंचभर खाली आलं,
इंचभर वर गेलं.
"हां म्हणाली," तो म्हणाला.
मग खाली येऊन माझ्या मोटरच्या आठवणीतून
मिठबावकरांना पुसलं.
साडेचारशे रुपये. दोघांत.
त्यांनी आपले सव्वादोनशे
दहा-दहाच्या नोटांत, दोनदा मोजून दिले.
शेवटचं पाचाचं नाणं
सवयीने कानाजवळ नेऊन.

आता अकराला माझ्या खोलीत काळोख असतो.
जाग येतेच.
डोक्यावरून खरखर वर जाते,
बावीस सेकंद, मी मोजते.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
मग काही नाही,
इतकं बारीक काम खाली ऐकू येत नाही.
मी कूस बदलते.