आपापल्या घरापुढे हळू

जेटीवर पाटी आहे, निळी, सरकारी:
'किनाऱ्यालगत वेग पाच नॉट.'
नॉट म्हणजे किती, दाजी मेथरांनी साहेबाला विचारलं होतं.
साहेब म्हणाला, सायकल हळू मारली तर जेवढं, तेवढं.
दाजी म्हणाले, मग सायकलच द्या.
सगळे हसले. मीही.

माझी बोट 'सातेरी प्रसन्न', दीडशे हॉर्सपॉवर,
हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला.
सहा फेऱ्या झाल्या तर नीट जेवतो,
चार झाल्या तर कॅल्क्युलेटर उघडून बसतो.
कर्लीच्या मुखाशी वाळूचं बेट, डॉल्फिन, मग परत;
मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच,
"भाऊ, जरा उडवा की!"
आणि मी उडवतो.

पण पाटीवर नाही ते एक सांगतो.
खारेवाडीसमोर आलो की माझा हात आपोआप मागे येतो.
तिथे आमची मागीलदारची पायरी,
आई तिच्यावर बसून मासळी धुते.
लवू कुबल त्याच्या माडांपुढे हळू होतो,
गजा तांडेल तर सासुरवाडीपुढेसुद्धा.
बोटीत डोळे मिटून बसलात
तरी इंजिनाच्या आवाजावरून कळेल
कुणाचं घर कुठे.

आवाज उतरत नाही ते घर रुजायमावशीचं.
इनास गेला, मुलगा मस्कतला,
बोट चालवणारं तिच्यात कुणी नाही.
नदी तिथे वळते, म्हणून आम्हीही वळतो,
आणि वळताना उठलेलं पाणी काठाला पोचतं
आम्ही निघून गेल्यावर.
सात वर्षं बोट चालवतोय,
माझी लाट कुठे जाऊन लागते
ते मी कधी पाहिलं नव्हतं.

इंजिन बिघडलं त्या दिवशी पाहिलं.
पाना मागायला तिच्या अंगणात चढलो.
काठापासून उंबऱ्यापर्यंत काठ्या रोवलेल्या,
हातहातभर अंतरावर,
प्रत्येकीला फाटक्या जाळ्याची चिंधी.
मला वाटलं, भाजीचं काही.
"माती मोजतंय," ती म्हणाली.
"पावसात तुमच्यो बोटी बंद. पावसान दोनच नेल्यान.
नाताळच्या पंधरा दिसांनी पाच."
मग आत जाऊन इनासची पेटी आणली.
पान्याला अजून ग्रीस होतं.

तेवढ्यात लवूची बोट गेली.
आधी काहीच नाही. मी नट फिरवत होतो.
मग पाणी मागे ओढलं गेलं,
काठाखालची माडाची मुळं उघडी पडली,
लाल, बारीक, न्हाऊन मोकळ्या सोडलेल्या केसांसारखी.
आणि मग ते आलं.
एक. दोन.
तिसऱ्याला ओंजळभर माती सुटली,
नारळ पडावा एवढाही आवाज नाही.

ओंजळभर. एवढीच तर, मी मनात म्हटलं.
मग बोटी मोजल्या, फेऱ्या मोजल्या.
हप्त्याचं गणित येतं मला.
हेही येत होतं.

"तुझी लाट मी वळाखतंय," ती म्हणाली,
"तिका घाय असता."
रागावली असती तर बरं झालं असतं.

आता मी तिथे हळू होतो.
पुण्याची माणसं विचारतात, पेट्रोल संपलं का?
मी हो म्हणतो.
मागून गजा येतो, शिट्टी मारून पुढे काढतो,
त्याची लाट आधी माझी बोट हलवते,
जरा हुंगते,
मग काठाकडे जाते.

काल मावशी दारात उभी होती. हात वर केला तिने.
मीही केला.
मग दिसलं, ती एकेका काठीकडे बोट करत होती,
ओठ हलत होते.
मी पाण्याकडून मोजल्या. नऊ.
तिच्या दाराकडूनही तेवढ्याच असणार.