वरून ठिबकणारं

एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी
माझ्या वाळत घातलेल्या पलंगपोसावर पहिला डाग पडला,
चहाच्या रंगाचा, बशीएवढा.
मान वर केली, तर
पाचव्या मजल्यावर नुगझारच्या सज्जातल्या आकड्याला
(मुलगी लहान होती तेव्हा तिथं झोका असायचा)
रंगाचा रिकामा डबा तारेनं लटकलेला
आणि त्यातून थेंब.
मग जरा वेळ नाही.
मग थेंब.

नुगझारनं तिबिलिसीत सत्तावीस वर्षं ट्रॉलीबस चालवली.
ट्रॉलीबस बंद झाली, वरच्या तारा काढून नेल्या,
तरी रस्ता ओलांडताना तो अजून आधी वर बघतो.
त्याला मातीतलं काय कळणार?

मी जिन्यानं गेले.
आमच्या लिफ्टला नाणं लागतं,
एका मजल्याच्या भांडणासाठी कोण नाणं घालवतं!

दार उघडलं तेव्हा किटली त्याच्या हातातच होती.
"सकाळ-संध्याकाळ घालतोय, त्सियाला,
तरी पिवळंच पडतंय."
टोमॅटोचं रोप गळ्यापर्यंत बुडालेलं.
डब्याला भोक एकच, तेही गंजून आपोआप पडलेलं.
माती कुठल्या तरी खोदकामातून उचललेली,
आणखी दोन दिवसांत वीट झाली असती.

भांडण राहिलं बाजूला.
म्हटलं, खिळा आण, हातोडा आण.
तळाला पाच भोकं पाड, वर जुन्या मोज्याचा तुकडा अंथर,
पाणी जाईल, माती राहील.
मातीत वाळू घाल, कुजलेला पाला घाल,
मुठीत दाबली तर गोळा व्हावा
आणि बोट लावताच फुटावा.
आणि पाणी घालण्याआधी बोट खुपस,
दुसऱ्या पेरापर्यंत.
कोरडं लागलं तर घाल.
ओलं लागलं तर किटली खाली ठेव
आणि दुसरं काहीतरी कर.

"दुसरं काय करू?" त्यानं विचारलं.

चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात
लोकांना दिवसातून किती वेळा ते सांगत आले मी.
याचं उत्तर मला देता आलं नाही.

जूनमध्ये वारा सुटला.
जमिनीवरची कुंडी एका अंगानं सुकते,
टांगलेल्या डब्याला वारा चहूबाजूंनी पितो,
म्हणजे अखेर सकाळ-संध्याकाळच पाणी,
पण आता बोटाला विचारून.
ठिबकायचं ते ठिबकतच राहिलं.
मी पलंगपोस स्वयंपाकघराच्या बाजूला नेला
आणि थेंबाच्या बरोबर खाली
तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये कोथिंबीर पेरली.
तिसऱ्या मजल्यावरचा वाझा म्हणतो,
आमच्यापर्यंत काहीच येत नाही.

वेल खाली उतरत गेली. हात, दोन हात.
जुलैत पहिला घोस लाल झाला
तो माझ्या खिडकीसमोर.
मुळं त्याची, पिकणं माझ्याकडे;
इमारतीच्या नियमांत याला कलम नाही.
दोन दिवस मी नुसती बघत राहिले.
तिसऱ्या दिवशी वरून आवाज आला,
"अगं तोड, पक्षी नेतील!"
अकरा निघाले. दोघांचं बूड काळं,
तो मुलीकडे बातुमीला गेला होता त्या आठवड्यातले.
सहा मी वर पाठवले, दोरीला पिशवी बांधून.
पाच ठेवले. डागाचा हिशेब.

नोव्हेंबरात त्यानं वाळलेलं रोप उपटलं
आणि ते तसंच घेऊन खाली आला, मला दाखवायला:
पांढऱ्या मुळांचा एक गोळा,
हुबेहूब डब्याच्या आकाराचा,
तळाशी पाच बारीक शेंड्या,
जिथं जिथं आम्ही खिळा मारला होता.

"आता?"
"आता लसूण. नवी माती भर, पाकळी टोक वर ठेवून लाव."
"किती खोल?"
मी काहीच बोलले नाही.
त्यानं माझ्याच कॅनच्या मातीत बोट खुपसलं,
दुसऱ्या पेरापर्यंत,
आणि बराच वेळ
काढलं नाही.