तिसरी बाटली

कायदा सांगतो, नमुन्याचे तीन भाग करा.
एक विकणाऱ्याला, एक प्रयोगशाळेला,
एक लाख लावून आपल्या कपाटात,
उद्या कोणी हरकत घेतलीच तर.

हॉजच्या बाजारचौकात, पहाटे सहाला,
मेटकाफच्या गाडीवरून मी दूध विकत घेतलं,
पैसे मोजले, मगच ओळखपत्र दाखवलं.
हातमोजे काढत तो म्हणाला,
"भरा बाई, तुमच्या बाटल्या."
तिथंच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
निर्दोष माणूस आधी थोडा तरी चिडतो.

आठवड्याने आकडा आला.
दूध शून्याच्या खाली अर्धा अंश, वर थोडं,
इतकं उतरल्यावरच गोठतं.
हे आधीच गोठलं होतं.
शेकडा सात पाणी.
आमची आई अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवून
हेच सांगायची, सही-शिक्क्याशिवाय,
आणि गवळी तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असा भांडायचा.

गोठा तपासायला गेले
तेव्हा दूधघरात त्याची बायको एकटी होती, विनिफ्रेड.
एनॅमलच्या मापानं कॅनमध्ये पाणी ओतत होती,
सांडू न देता,
ओठांत आकडे पुटपुटत.
मला बघून दचकली नाही.
"गेट्सहेडची पोरं आलीत," म्हणाली,
"बाँब पडतायत ना तिकडं. सगळ्यांना पुरायला हवं."
तिच्या डोक्यामागं कॅलेंडर: एकोणीसशे शहाऐंशी.

मेटकाफ दारात येऊन थांबला.
तिच्या हातातलं माप त्यानं काढून घेतलं नाही.
बुटाच्या टोकानं उगीच
फरशीवरचं गवत सारत राहिला.

कोर्टात म्हणाला, "मीच घातलं."
पुढं कोणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.
फॉर्मवर भेसळीला रकाना होता, टक्क्यांना होता,
पाहुण्या पोरांना नव्हता.
ऐंशी पौंड दंड, खर्च वेगळा.
ईस्टरनंतर गाडी चौकात दिसली नाही.

हरकत कोणी घेतली नाही.
साहेब म्हणाले, कपाट रिकामं करा.
मी लाख फोडली.
आत दूध केव्हाच फाटलेलं,
खाली गोळा, वर पाणी,
कोणी न सांगता वेगळे झालेले.

वास फार होता, म्हणून नळ सोडला,
आणि कितीतरी वेळ
दुधात पाणी घालत उभी राहिले.